कपाळावर उतरलेला डाय: डाग काढा, कातडी सोलू नका

तुम्ही हे वाचताय म्हणजे बहुतेक डोकं धुऊन झालंय, केस झकास दिसताहेत, कपाळाच्या कडेने मात्र काळपट महिरप उमटली आहे आणि हातात अर्धं लिंबू आहे. ते लिंबू आधी खाली ठेवा. का, ते पुढे सांगते. तोवर बोटांवर थोडं तेल घ्या. खोबरेल, ऑलिव्ह, बेबी ऑईल, घरात असेल ते चालेल. डागावर जाडसर लावा आणि निवांत वाचत बसा. लेख संपेपर्यंत तेलाने आपलं अर्धं काम उरकलेलं असेल.

मी बरीच वर्षं घरीच डाय लावते. स्वतःला, आईला, आणि अधूनमधून धाकट्या भावाच्या दाढीलाही. सुरुवातीला मी कपाळाचे जे हाल केले ते आठवले की अजून हसू येतं. एकदा दुसऱ्या दिवशी सकाळी पासपोर्टचा फोटो काढायचा होता. रात्री डाय लावला, डाग पडला, मग खायचा सोडा आणि लिंबू कालवून तावातावाने घासत बसले. फेस आला, म्हणून वाटलं काहीतरी होतंय. होत काहीच नव्हतं. आम्ल आणि सोडा एकमेकांनाच संपवत होते आणि उरलेल्या खरखरीत कणांनी मी कपाळ तासत होते. डाग अर्धा गेला आणि त्या जागी लालभडक पट्टा उठला. काळी रेघ तीन-चार दिवसांत आपोआप गेली असती. लाल पट्ट्याला खपली धरली आणि तो बरा व्हायला आठवडा लागला. फोटोत तर तोच आधी दिसतो.

डाग इतका चिवट का असतो

पर्मनंट डायच्या खोक्यात दोन गोष्टी असतात. एकीत पीपीडीसारखे, म्हणजे पॅरा-फेनिलिनडायअमिनसारखे रेणू असतात आणि सोबत बहुतेक वेळा अमोनिया. दुसरीत हायड्रोजन पेरॉक्साईड. वाटीत दोन्ही कालवल्यावर मिश्रण आधी फिक्या क्रीमसारखं दिसतं. पाच-दहा मिनिटांत त्याच्या कडा तपकिरी होतात, मग जांभळट, मग काळ्या. ब्रश फिरवला की खालचा भाग अजून फिकाच असतो, वरचा हवेला लागलेला थर मात्र गडद झालेला असतो. सगळी गोम इथेच आहे. पीपीडीचे रेणू सुरुवातीला लहान आणि जवळजवळ बिनरंगी असतात. लहान असल्यामुळे ते केसाच्या आत शिरतात. तिथे पेरॉक्साईडमुळे त्यांची प्रक्रिया होते, ते एकमेकांना जोडले जातात, रंगीत होतात आणि इतके मोठे होतात की आले त्या वाटेने बाहेर पडता येत नाही.

आपल्या त्वचेचा सगळ्यात वरचा थर मेलेल्या, चपट्या पेशींचा असतो आणि त्या पेशी केराटिन नावाच्या प्रथिनाने भरलेल्या असतात. केसही केराटिनचाच. तेव्हा कपाळ आणि केस यांतला फरक डायला कळण्याचं काही कारण नाही. तोच लहान रेणू वरच्या पेशींत झिरपतो, तिथेच मोठा होतो आणि बसतो. साबण पृष्ठभागावरची घाण उचलतो, आत तयार झालेला रंग तो कसा उचलणार?

एक गोष्ट मात्र आपल्या बाजूने आहे. केस साल टाकत नाही, त्वचा रोज टाकते. चेहऱ्यावरचा डाग रोजच्या धुण्यापुसण्यात साधारण तीन-चार दिवसांत दिसेनासा होतो, कारण रंगलेल्या पेशीच गळून जातात. म्हणून डाग काढण्याचे खरे टप्पे दोनच. पहिला काही मिनिटांचा, जेव्हा रंग अजून कच्चा असतो आणि पुसता येतो. त्यानंतर तुम्ही रंग काढत नसता, रंगलेल्या मेलेल्या पेशी जरा लवकर गळाव्यात म्हणून मदत करत असता. दुसऱ्या टप्प्यात जोर लावला की मेलेल्या पेशींच्या खालचं जिवंत कातडं निघतं.

डाय डोक्यावर असतानाच

डाय लावायला बसताना शेजारी कोरड्या कापसाचे चार-पाच बोळे आणि साबणाच्या कोमट पाण्याची वाटी ठेवा. कपाळावर, कानावर थेंब पडला की ब्रश ठेवायचा आणि तो थेंब टिपायचा. टिपायचा म्हणतेय, पुसायचा नाही. पुसलं की एका ठिपक्याची दोन इंचांची पट्टी होते. आधी कोरड्या कापसाने उचला, मग साबणाच्या पाण्याने ती जागा पुसून घ्या. मिनिटा-दोन मिनिटांत हे केलं तर डाग पडतच नाही. ‘शेवटी एकदम पुसू’ म्हणणाऱ्यांच्या कपाळावर अर्ध्या तासाने शेवटी एकदम काळी रेघ मिळते.

दुसरी युक्ती केस रंगवणारे कारागीर सर्रास वापरतात आणि घरी डाय लावणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ती माहीत असते. वेळ पूर्ण झाली की लगेच नळाखाली डोकं धरू नका. हातमोजे घातलेली बोटं पाण्यात बुडवा आणि केसांच्या कडेवर, म्हणजे कपाळ, कल्ले, कानामागे, मानेवर, जिथे डाय सुकून पापुद्रा धरलाय तिथे गोल गोल फिरवा. थोडं पाणी, थोडं मालिश, पुन्हा थोडं पाणी. मिनिटभरात सुकलेला डाय सैल होतो, त्याला फेसासारखा पातळपणा येतो आणि त्वचेला चिकटलेला भाग त्या ओल्या डायमध्येच मिसळून येतो. डायने डाय काढायचा हा प्रकार ऐकायला विचित्र वाटतो, पण क्रीम डायमध्ये ओलं झाल्यावर धुऊन निघायला मदत करणारे घटक असतातच. दोन मिनिटं मालिश करून ओल्या कापसाने कड पुसायची आणि मगच डोकं धुवायचं.

धुताना डोकं पुढे झुकवा. सरळ उभं राहून शॉवर घेतला तर काळं पाणी कानातून, मानेवरून, पाठीवरून ओघळतं. पहिलं पाणी सगळ्यात गडद असतं, तेवढं जरी अंगावरून न जाता खाली पडलं तरी खूप झालं.

धुऊन झाल्यावर: सौम्य ते कडक, याच क्रमाने

सुरुवात शाम्पूने. मऊ ओल्या फडक्यावर थेंबभर शाम्पू घेऊन डागावर अर्धा मिनिट हलक्या हाताने गोल फिरवा, धुवा, कोरडं करा. ताजा डाग असेल तर इथेच निम्मा फिका पडतो. पडला नाही तर पुन्हा शाम्पू नको, पुढच्या पायरीवर जा. साबणाने पाच-पाच वेळा धुतल्याने डागाला काही होत नाही, कपाळ मात्र कोरडं पडून ताणायला लागतं.

मग तेल. माझ्या मते खरं औषध हेच, आणि याच्यावर लोकांचा विश्वास सगळ्यात कमी, कारण ते झोंबत नाही, फेसाळत नाही, काहीच नाट्य करत नाही. तेलाने वरच्या मेलेल्या पेशी मऊ आणि सैल होतात, त्वचेवर राहिलेला डायचा अंश सुटतो आणि पुसताना घर्षण कमी होतं. डागावर तेल लावून मिनिटभर बोटाने जिरवा, पंधरा-वीस मिनिटं राहू द्या, मग कोमट पाण्यात पिळलेल्या फडक्याने पुसा. कापडावर तपकिरी छटा आली की समजायचं काम चाललंय. दोन फेऱ्या करा. वेळ असेल तर रात्री पुन्हा लावून झोपा. सकाळी तोंड धुताना बराचसा डाग उतरलेला दिसतो. मेकअप काढायचं क्लीन्झिंग बाम किंवा मायसेलर वॉटर घरात असेल तर तेही चांगलं. मात्र मायसेलर वॉटरचा कापूस डागावर वीस-तीस सेकंद नुसता दाबून धरा आणि मग पुसा. भिजू न देता घासण्यात अर्थ नाही.

तरीही डाग ठळक असेल तर अल्कोहोल. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा क्विनाईन बनवायला गेला आणि भांड्याच्या तळाशी काळा गाळ घेऊन बसला. भांडं स्वच्छ करायला त्याने अल्कोहोल वापरलं आणि सुंदर जांभळा रंग त्यात उतरला. कृत्रिम रंगांच्या उद्योगाची ही सुरुवात. आपल्याला त्यातलं एवढंच हवंय: पाण्याला दाद न देणारे बरेच रंग अल्कोहोलमध्ये विरघळतात. ६० ते ७० टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर कापसावर घेऊन मान, कानाची पाळी, मनगट, बोटं अशा ठिकाणच्या डागावर दाबा, दहा-पंधरा सेकंदांनी उचला, कापसाची स्वच्छ बाजू घेऊन पुन्हा. आधी लावलेलं तेल धुऊन टाकलेलं असावं, नाहीतर कापूस तेलावरूनच घसरत राहतो. कपाळावर वापरायचं झालं तर भुवयांच्या खाली उतरू नका, कापूस पिळून घ्या, निथळता ठेवू नका आणि गॅस पेटलेला असताना तर मुळीच नको. नंतर धुऊन क्रीम लावा, कारण अल्कोहोल त्वचेचं तेलही घेऊन जातं.

टूथपेस्टचा नंबर यानंतरचा. पांढरी, साधी पेस्ट वाटाण्याएवढी घेऊन बोटाने पंधरा-वीस सेकंद, आणि तीही एकदाच. दात घासायला त्यात बारीक कण असतात, तेच वरची पेशी खरवडतात. जादू वगैरे काही नाही. जेल पेस्टचा अनुभव मला तितकासा बरा नाही. पुदिन्याचा उग्र वास डोळ्यांना झोंबतो, त्यामुळे ही पेस्ट हातावर आणि मानेवर जास्त शोभते.

एवढं करूनही सावली उरलीच तर थांबायचं. थोडं कन्सीलर लावा, केस पुढे घ्या, आणि रोज रात्री तेल.

जागा बदलली की हिशेब बदलतो

कानाची पाळी आणि कानामागचा भाग डाय लावताना दिसतच नाही, म्हणून तिथला डाग नेहमी जुना होऊनच सापडतो. कान धुतल्यावर आत बोट घालून बघा, पाळीच्या घड्यांत डाय साठलेला असतो. तिथे फडक्यापेक्षा तेलात बुडवलेली कापसाची काडी बरी. ती फक्त बाहेरच्या घड्यांत फिरवा, कानाच्या भोकात नको.

टाळूवरचा डाग पुष्कळांना छळतो, विशेषतः भांगात. नव्याने डाय लावल्यावर भांग काळा दिसतो आणि ‘रंगवलंय’ हे लांबून ओळखू येतं. इथे अल्कोहोल, पेस्ट, सोडा काहीही नको. टाळूचा डाग काढायच्या नादात मुळाशी लावलेला रंगही जातो. दुसऱ्या दिवशी बोटांनी भांगात तेल लावा, तासाभराने सौम्य शाम्पूने धुवा. दोन-तीन धुण्यांत टाळू मूळ रंगावर येते. तोवर भांग बोटभर बाजूला पाडायचा, एवढा साधा उपाय आहे.

दाढी-मिशीखालची कातडीही अशीच रंगते आणि चेहरा शाई लागल्यासारखा दिसतो. भावाच्या बाबतीत मी शिकले ते असं: खोक्यावरच्या वेळेचा पहिला आकडा धरायचा, शेवटचा नाही. दाढीचा रंग पुरेसा उतरतो आणि कातडीवर सावली कमी पडते. कडेने रेझर फिरवायचा असेल तर डागाच्या नादात त्याच दिवशी फिरवू नका. ताज्या कापलेल्या त्वचेला डायचा आणि अल्कोहोलचा दोन्हींचा त्रास होतो.

तळहाताची कातडी जाड, म्हणजे मेलेल्या पेशींचा थर जाड, म्हणून तिथला डाग चेहऱ्यापेक्षा हट्टी. एक सोय म्हणजे हाताला थोडं जास्त चोळलेलं चालतं. तेलात चमचाभर साखर घालून मिनिटभर चोळा आणि धुवा, निदान बोटांच्या पेरांमधला काळेपणा बराच जातो. चेहऱ्यावर मात्र साखर नको, तिचे कण टोकदार असतात.

नखं सगळ्यात वाईट. नख म्हणजे केराटिनचाच पत्रा, आणि तो साल टाकत नाही, वाढत वाढत पुढे सरकतो. हाताचं नख महिन्याला साधारण तीन मिलिमीटर वाढतं, तेव्हा मुळापासून रंगलेलं नख पूर्ण बदलायला काही महिने जातात. नेलपॉलिश रिमूव्हरने वरचा थर उतरतो, तेही नखापुरतं. आजूबाजूच्या कातडीला आधी पेट्रोलियम जेली लावून ठेवा. रिमूव्हरमधलं ॲसिटोन चेहऱ्यावर कधीच नाही आणि पेटत्या शेगडीजवळ तर बाटली उघडूही नका. नखांच्या कडांना अडकलेला डाय जुन्या मऊ टूथब्रशने साबण लावून काढता येतो. त्यापुढे नेलपॉलिश लावा आणि वाट बघा.

पापणी आणि डोळ्यांजवळच्या जागेवर फक्त तेलाचा कापूस, डोळा मिटून. दुसरं काहीही नाही. डोळ्यात डाय गेला तर डाग वगैरे विसरा, लगेच स्वच्छ पाण्याने पंधरा मिनिटं तरी डोळा धूत राहा, लेन्स असेल तर काढा आणि डॉक्टरांकडे जा. डोक्याचा डाय भुवयांना, पापण्यांना लावू नका असं खोक्यावर लिहिलेलं असतं त्यामागे इतिहास आहे. १९३० च्या दशकात अमेरिकेत पापण्या रंगवायच्या एका रंगाने बायकांचे डोळे गेले. त्यात पीपीडीच होतं. अशा प्रकरणांनंतर १९३८ साली तिथे सौंदर्यप्रसाधनांना कायद्याच्या चौकटीत आणलं गेलं.

मेंदी आणि निळे-जांभळे रंग

मेंदीचा डाग वेगळ्या जातीचा. तिच्यातला लॉसोन हा रेणू केराटिनला थेट जोडला जातो. सुरुवातीला नारिंगी दिसणारा डाग दुसऱ्या दिवशी गडद होतो. तेलाने, अल्कोहोलने तो फारसा हलत नाही. कोमट पाण्यात हात भिजवून, फडक्याने चोळून पेशी गळण्याची वाट पाहायची. कपाळावर मेंदी लागली तर सुकायच्या आत पुसणं हाच उपाय. ‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या पुडीत पीपीडी मिसळलेलं असू शकतं, तेव्हा तिला डायच समजा आणि घटकांची यादी वाचा.

निळे, जांभळे, गुलाबी फॅशन रंग पेरॉक्साईडशिवाय लावले जातात. त्यांचा रंग आधीच तयार असतो, त्यामुळे ‘काही मिनिटं फिका राहील’ ही सवलत नाही, टेकला की डाग. पण ते पेशींत तसे अडकून बसत नाहीत, तेल आणि मग अल्कोहोल या जोडीला बरी दाद देतात.

लिंबू का ठेवायला सांगितलं

त्वचा किंचित आम्लधर्मी असते, लिंबाचा रस तिच्या कितीतरी पट आम्लधर्मी. घासून सैल झालेल्या त्वचेवर तो जाळतो. शिवाय लिंबूवर्गातल्या फळांच्या रसात आणि सालीत असे पदार्थ असतात की ते त्वचेवर असताना ऊन लागलं तर भाजल्यासारखे चट्टे उठतात आणि त्यांचे काळे डाग आठवडे-महिने राहतात. डायचा डाग घालवून त्याहून मुक्कामी डाग घ्यायचा, असा हा सौदा. सोडा उलट्या टोकाचा, अल्कधर्मी आणि खरखरीत.

कपडे पांढरे करायचं ब्लीच कातडीवर कुणी वापरेल असं वाटत नाही, पण वापरणारे आहेत. ते त्वचा तर जाळतंच, वर डायमधल्या अमोनियाशी मिसळलं की विषारी वायू निघतो. डायने माखलेलं मोरीचं फरशीकामही ब्लीच टाकण्याआधी भरपूर पाण्याने धुऊन घ्या. आणि हायड्रोजन पेरॉक्साईडने डाग ‘उडेल’ असं सांगणाऱ्यांना विचारा की डायमध्ये रंग तयार करायला काय घातलं होतं.

खाज सुटली तर हा डाग नव्हे

डाग दुखत नाही, खाजत नाही. डाय लावल्यावर एक-दोन दिवसांनी केसांच्या कडेने लाली, खाज, पाणीदार पुटकुळ्या आल्या, पापण्या सुजल्या, तर ती पीपीडीची ॲलर्जी असण्याची दाट शक्यता. अमेरिकन कॉन्टॅक्ट डर्मटायटिस सोसायटीने २००६ साली पीपीडीला ‘ॲलर्जन ऑफ द इयर’ ठरवलं होतं, इतका तो नेहमीचा आरोपी आहे. अशा वेळी डाग घासणं पूर्ण बंद, सौम्य शाम्पूने डोकं नीट धुवायचं आणि त्वचारोगतज्ज्ञांना दाखवायचं. चेहरा-जीभ सुजली, श्वास लागला तर थेट इस्पितळ. दहा वर्षं काही झालं नाही म्हणून अकराव्या वर्षी होणार नाही असं नसतं. म्हणून डाय लावण्याच्या ४८ तास आधी कानामागे किंवा कोपराच्या आत थेंब लावून बघायची सूचना खोक्यावर असते. त्वचेवर एक्झिमा असेल किंवा रेटिनॉल लावत असाल तर वरच्या क्रमातलं फक्त तेल तुमच्यासाठी.

पुढच्या वेळी

डाय लावायच्या दिवशी तोंडाला स्क्रब, फेसपॅक, वॅक्सिंग काही नको, साल काढलेली त्वचा रंग पटकन पिते. केसांच्या कडेने पेट्रोलियम जेलीची बोटभर रुंद पट्टी ओढा, कपाळ, कल्ले, कानाच्या पाळ्या आणि मानेवरही. हात मात्र जपून, कारण जेली केसांच्या मुळांना लागली तर तिथे डाय धरत नाही आणि पांढरी मुळं जशीच्या तशी राहतात. त्यासाठी बोटापेक्षा कापसाची काडी बरी, केसांपासून दोन-तीन मिलिमीटर सोडून.

हातमोजे काढताना मनगटाकडून उलटे करत काढा आणि फेकून द्या. धुऊन पुन्हा वापरले की आतल्या बाजूला लागलेला डाय बोटांना लागतो, आणि माझ्या नखांचे डाग मी बहुतेक असेच ओढवून घेतलेत. केस पूर्ण वाळल्याशिवाय झोपू नका आणि पहिल्या दोन रात्री उशीवर गडद रंगाचा जुना टॉवेल टाका. ओल्या केसांतून उशीवर उतरलेला रंग घामासोबत सकाळी गालावर परत येतो, आणि मग ‘काल तर गाल स्वच्छ होता’ म्हणत तुम्ही आरशासमोर उभे.